वालाच्या बुंध्याशी दोन बुरश्या

भातकापणी उरकली तरी रत्नागिरी जिल्ह्यातली सगळी खाचरं रिकामी राहत नाहीत. जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, पावटा, कुळीथ, चवळी पेरली जाते, आणि पाण्याची सोय असेल तिथे उन्हाळी भुईमूग. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने या पिकांसाठी ‘कोकण वाल’, ‘कोकण सदाबहार’ चवळी, ‘दापोली कुळीथ’, ‘कोकण गौरव’ भुईमूग असे वाण दिले. यांतलं बरंचसं पीक बाजारात जात नाही. ते घरच्या डाळिंब्यांच्या उसळीत आणि कुळथाच्या पिठल्यात संपतं, उरलेलं मुंबईला पाठवलं जातं.

या पिकांच्या बुंध्याशी एक बुरशी बसते आणि उभं झाड आडवं करते. तिच्यावर उतारा म्हणून दुसरी बुरशी जमिनीत सोडावी, असं कृषिशास्त्र गेली अनेक दशकं सांगत आलं आहे. तरी गावोगाव वाद संपलेला नाही. तो मांडण्यासाठी इथे दोन माणसं बोलायला बसवली आहेत. आत्या लांजा तालुक्यात स्वतः शेती करते. भाचा कृषी पदवीधर आहे, तालुक्याच्या गावी त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. ही दुसरी बुरशी, ट्रायकोडर्मा, दोघांनाही ठाऊक आहे. भांडण आहे ते त्याच्यावर किती भिस्त ठेवायची याचं.

भाचा : आत्या, यंदा चवळी किती गेली?

आत्या : बांधाकडच्या दोन ओळी. आधी पानं पिवळी पडली, मग दुपारच्या उन्हात माना टाकल्या. संध्याकाळी उठतील म्हटलं, तर उठली नाहीत. उपटायला गेले तर बुंध्याशीच तुटली, मुळं जमिनीतच राहिली.

भाचा : मग ही खोडकूज. दुकानात येणारं गिऱ्हाईक वाळलेल्या प्रत्येक झाडाला ‘मर’ म्हणतं आणि मरीचं औषध मागतं. मर रोगाची बुरशी मुळातून आत शिरते. खोड उभं चिरलं तर आतल्या नळ्या तपकिरी दिसतात. ही बाहेरून येते, नेमकी मातीच्या पातळीवर. बुंध्याभोवती पांढरे तंतू होते ना?

आत्या : होते तर. आणि त्यात मोहरीएवढे दाणे. काही पांढरे, काही तपकिरी. पहिल्यांदा कोणी बघेल तर खताचे दाणे पडले असं समजेल.

भाचा : खरा रोग त्या दाण्यांत आहे. स्क्लेरोशियम रॉल्फसी म्हणतात या बुरशीला. पीटर रॉल्फ्स या शास्त्रज्ञाला ती १८९२ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये टोमॅटोवर सापडली आणि १९११ मध्ये साकार्दो या इटालियन शास्त्रज्ञाने तिला त्याचं नाव दिलं. पाचशेहून जास्त जातींच्या वनस्पतींवर ती जगते. भुईमूग, वाल, चवळी, मिरची, टोमॅटो, शिवाय तुझा सुरणसुद्धा.

आत्या : सुरणाचं सांगायला नको. दांडा बुंध्याशी सडून आख्खी छत्री कोसळते. म्हणूनच सुरण काढलेल्या जागी मी लगेच चवळी घालत नाही.

भाचा : हे शहाणपण शंभरात दहांकडे नाही. असो. आता मुद्द्याचं. तू दर वर्षी माझ्याकडून ट्रायकोडर्मा नेतेस आणि बुरशीनाशकाची पुडी परत करतेस. मी दोन्ही विकतो, मला दोन्हींत पैसे मिळतात. तरी सांगतो, नुसत्या ट्रायकोडर्मावर एवढा विश्वास बरा नव्हे.

आत्या : का? काम करत नाही तो?

भाचा : काचेच्या बशीत उत्तम करतो. हे कुणी आज शोधलेलं नाही. वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९३२ मध्येच दाखवलं की ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेढे घालतो आणि त्यांना खातो. पुढे कळलं की तो कायटिनेज, ग्लुकेनेज अशी विकरं सोडून समोरच्या बुरशीची पेशीभित्तिका विरघळवतो. काही जाती विषारी द्रव्यंही सोडतात. शिवाय मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधीच बळकावतो, आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. हे सगळं खरं. पण बशीत दोनच बुरश्या असतात. तुझ्या जमिनीच्या चिमूटभर मातीत लाखोंनी जिवाणू, बुरश्या, अमिबा. त्या गर्दीत तुझ्या पुडीतल्या बुरशीला कोण विचारतो?

आत्या : मग शेतात कुणी करून बघितलंच नाही?

भाचा : बघितलं. दापोलीचं विद्यापीठ ज्या वर्षी सुरू झालं त्याच १९७२ साली अमेरिकेत वेल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ट्रायकोडर्मा हार्झियानम शेतात टाकून हीच स्क्लेरोशियम आटोक्यात आणल्याचं प्रसिद्ध केलं. १९८० च्या सुमारास इस्रायलमध्ये एलाड, खेत आणि कातान यांनी गव्हाच्या कोंड्यावर ट्रायकोडर्मा वाढवून शेतात वापरला, तिथेही रोग घटला. पण बारकावा बघ. त्या काळच्या प्रयोगांत धान्यावर, कोंड्यावर वाढवलेली बुरशी मापंच्या मापं टाकायचे. तुम्ही टाकता चमचाभर पावडर, आणि निकाल मागता त्यांच्यासारखा.

आत्या : चमचाभर पावडर मी जमिनीत टाकतच नाही. तू विकतोस, पण तिचं पुढे काय होतं ते बघायला कधी आलास का? गोठ्यामागे सावलीत मी चांगलं कुजलेलं शेणखत पसरते, त्यात पावडर मिसळते, पाणी शिंपडते आणि वर ओलं गोणपाट घालते. चार-पाच दिवसांनी एकदा वरखाली करते. पंधरवड्यात खतावर हिरवट बुरा दिसायला लागतो. दुधाला विरजण लावतात तसंच ते. एवढ्याशा विरजणाने हंडाभर दही होतं, पण दूध कोमट लागतं आणि रात्रभर धीर लागतो. पावडर नुसती मातीवर भुरभुरवून कुणी रडत असेल तर तो दोष पावडरीचा नव्हे.

भाचा : ही पद्धत बरोबर आहे. शिफारसही तशीच आहे, हेक्टरी अडीच किलो, शेणखतात मिसळून. बियाण्याला किलोमागे चार-पाच ग्रॅम. पण तुझ्या शेणखताबद्दलच माझा आक्षेप आहे.

आत्या : आता शेणखतानेही काही वाकडं केलंय?

भाचा : केलंय. झाड मेलं की तू काय करतेस? तू नाही, पण गावात बहुतेक जण काय करतात? वाळलेले वेल गुरांपुढे टाकतात किंवा उकिरड्यात. या बुरशीचे थोडे दाणे गुरांच्या पोटातूनही जिवंत बाहेर पडू शकतात. तेच शेण खड्ड्यात, तेच पुढल्या वर्षी शेतात. म्हणजे ज्या खतात ट्रायकोडर्मा वाढवायचा त्याच खतातून शत्रूही पोचवायचा. आणि खत अर्धवट कुजलेलं असेल तर आणखी वाईट. कुजणाऱ्या पाल्यातून जे वायू निघतात ते या दाण्यांना उगवायला उठवतात. त्यांना झाडावर चढण्याआधी न्याहारी लागते, ती आपण बुंध्याशी नेऊन ठेवतो.

आत्या : हे मला पटतं. म्हणून कच्चं खत मी वालाला देत नाही, आणि भर देताना पालापाचोळा बुंध्याशी लोटत नाही. मेलेलं झाड भोवतालच्या ओंजळभर मातीसकट काढायचं, टोपलीत घ्यायचं आणि जाळायचं. वाफ्यातून फरफटत न्यायचं नाही. खत कुजलंय की नाही ते हात घालून कळतं. ढीग एकदा चांगला तापून गार झालेला असला पाहिजे. शेणाचा वास येत असेल तर ते खत झालेलंच नाही.

भाचा : तू करतेस. बाकीचे?

आत्या : बाकीच्यांचं मी नंतर सांगते. आधी तुझ्या पुडीचं बोलू. तू सगळ्यांना बियाण्याला चोळायला कार्बेन्डाझिम देतोस. ते या बुरशीला मारतं का?

भाचा : …फारसं नाही.

आत्या : मोठ्याने सांग.

भाचा : मारत नाही म्हण. ही बुरशी अळंबीच्या गोत्रातली आहे आणि त्या गोत्रातल्या पुष्कळ बुरश्यांवर कार्बेन्डाझिमच्या गटाचा इलाज चालत नाही. तिच्यासाठी कार्बोक्झिन, टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल असली औषधं लागतात.

आत्या : आणि ट्रायकोडर्माला?

भाचा : ट्रायकोडर्मा मात्र कार्बेन्डाझिमने मरतो. बोलते झालोच आहोत तर माझ्या विरुद्धचा पुरावा मीच देतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात भुईमुगाच्या टिक्क्यावर बेनोमिल फवारायचे. बेनोमिलचं झाडावर आणि मातीत कार्बेन्डाझिमच होतं. पानांवरचे ठिपके कमी झाले, पण जमिनीलगतची खोडकूज वाढली. बॅकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हे मांडलं. त्यांना दिसलं की बेनोमिल ट्रायकोडर्माला दाबतं आणि स्क्लेरोशियमला धक्काही लावत नाही. राखणदार गेला आणि चोर राहिला.

आत्या : मग मेल्या, तू हे लोकांना का देतोस?

भाचा : कारण रोग एकच नसतो. बियाण्यावर दुसऱ्या बुरश्या असतात, रोपं जमिनीबाहेर यायच्या आधीच सडतात, त्यातल्या काहींवर ते चालतं. गिऱ्हाईक विचारतं, ‘सगळ्याला चालेल असं द्या.’ सगळ्याला चालणारं काही नसतं, पण ‘नाही’ म्हटलं तर ते शेजारच्या दुकानात जातं.

आत्या : हा दुकानाचा प्रश्न झाला, वालाचा नव्हे. वालाचं म्हणणं वेगळं आहे. कडधान्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत रायझोबियम राहतो, तो हवेतला नत्र धरून देतो. आम्ही चवळीला, कुळथाला युरियाची गोण टाकत नाही ती त्याच्याच जिवावर. तू बियाण्याला जहाल औषध चोळलंस तर त्या जिवाणूचं काय?

भाचा : त्यासाठी क्रम ठरलेला आहे. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी रायझोबियम, आणि तेही पेरणीच्या जरा आधी, सावलीत सुकवून.

आत्या : क्रम मला पाठ आहे. तो पाळूनही एकाच्या अंगावर दुसरं चोळायचंच ना? ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम एका बियाण्यावर शेजारी नांदतात. तिथे भांडण नाही. कडधान्याला जैविक इलाज जास्त शोभतो तो म्हणूनच. आणि चवळीच्या कोवळ्या शेंगा आम्ही तोडून त्याच दिवशी शिजवतो. फवारलंय, आता इतके दिवस थांबा, हे परसातल्या पिकाला कोण पाळणार?

भाचा : हे मान्य. पण कोकणच्या जमिनीचा विचार कर. जांभ्याची आम्लधर्मी माती, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर ऊब. स्क्लेरोशियमला हेच हवं असतं. आम्ल मातीत ती खूश, शिवाय स्वतः ऑक्झॅलिक आम्ल सोडून खोडाच्या पेशी आधी मारते आणि मग खाते. शत्रूच्या घरात शत्रूशी लढायचं, तेही एका पावडरीवर?

आत्या : तुझ्याच पुस्तकात लिहिलंय की ट्रायकोडर्मालाही आम्ल माती मानवते. दापोलीला प्रशिक्षणात मी हे विचारून घेतलंय. मग घर दोघांचं झालं. आधी कोण पोचतो एवढंच उरतं.

भाचा : बरं. चुना टाकून माती सुधारावी म्हटलं तर?

आत्या : भुईमुगाला कॅल्शियम लागतंच, शेंग भरायला. तिथे चुन्याचा उपयोग दुहेरी. पण त्याने खोडकूज थांबेल असं मी म्हणणार नाही.

भाचा : आणखी एक उपाय आहे, तोही बिनऔषधाचा. खोल नांगरट. हे दाणे वरच्या चार बोटांच्या मातीतच नीट उगवतात, कारण त्यांना हवा भरपूर लागते. पलटी नांगराने खाली गाडले तर गुदमरतात. देशावर हे सांगायला सोपं.

आत्या : आमच्याकडे चार बोटांखाली कातळ लागतो, त्याचं काय? वरकस जमिनीत पॉवर टिलरची पाती ठिणग्या उडवतात. पण तुला एक सांगते, हा रोग मला भातखाचरात कमी दिसतो आणि वरकसात, बांधावर, परसात जास्त दिसतो. चवळीच्या ज्या दोन ओळी गेल्या त्याही बांधाकडच्या, जिथे पाणी उभं राहत नाही.

भाचा : त्याला कारण आहे. खाचरात पावसाळाभर चिखल तुंबलेला असतो. उबदार पाण्याखाली, हवेवाचून, हे दाणे कोरड्या जमिनीतल्यासारखे वर्षानुवर्षं टिकत नाहीत. शिवाय भात हे काही त्यांचं आवडतं पीक नाही. भातामागे वाल ही आपल्या बापजाद्यांची फेरपालट म्हणजे अर्धा रोगउपाय आहे.

आत्या : आणि भाजावळ? तरव्याच्या जागी आपण राब जाळतो, त्याने माती भाजते.

भाचा : राब फक्त रोपवाटिकेपुरता, आणि त्यात पालापाचोळा, शेणी किती जळतात ते बघ. त्याचीच बिनधुराची बहीण इस्रायलच्या कातानने १९७६ मध्ये मांडली. ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबायच्या आणि भर उन्हाळ्यात चार-सहा आठवडे ऊन आत कोंडायचं. वरच्या थरातल्या बऱ्याच बुरश्या मरतात. ट्रायकोडर्मा उष्णतेला त्यातल्या त्यात टिकतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत नंतर टाकला तर चांगला पसरतो. एप्रिल-मेमध्ये परसातल्या वाफ्यांना हे जमेल.

आत्या : वाफ्यांना जमेल, दहा गुंठ्यांना नाही. पण मिरचीच्या रोपांच्या वाफ्याला मी करून बघीन. आता तू अडव मला. तुझा सगळ्यात मोठा आक्षेप कोणता?

भाचा : दोन आहेत. पहिला, पुडीच्या आत काय आहे याची खात्री. नियमाप्रमाणे पावडरीच्या एका ग्रॅममध्ये ट्रायकोडर्माचे किमान वीस लाख जिवंत घटक हवेत. ट्रायकोडर्मा आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतो, म्हणजे पुडीवर नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत सगळं हवं. पण माल पत्र्याच्या गोदामात मे महिना काढून आला तर तारीख शाबूत आणि बुरशी मेलेली. रसायन उन्हात इतक्या लवकर मरत नाही. जिवंत माल मरतो, आणि मेलेला कळतही नाही. गिऱ्हाईक शिव्या जैविकाला देतं.

आत्या : कळतं की. शिजवून गार केलेल्या मूठभर तांदळावर चिमूटभर टाकून झाकून ठेव. चार-पाच दिवसांत हिरवी बुरशी दाट आली तर माल जिवंत. काळी, पिवळी, काहीबाही आली किंवा काहीच आलं नाही, तर परत.

भाचा : यावरून किती जिवंत ते कळत नाही.

आत्या : किती ते प्रयोगशाळा सांगेल. आहे की नाही, एवढं मला पुरतं. दुसरा आक्षेप?

भाचा : हिशेब. दहा गुंठे वाल धर. बियाणं पाच-सहा किलो. त्याला पावडर लागली तीस ग्रॅम. जमिनीला हेक्टरी अडीच किलोच्या हिशेबाने पाव किलो. पुडी किलोची. म्हणजे सातशे ग्रॅमच्या वर कपाटात पडून मरणार. आणि हे सगळं कोण करणार? घरात दोन म्हातारी माणसं, मुलं मुंबईला. खत वरखाली करा, गोणपाट ओलं ठेवा. त्यापेक्षा ते वालच वाण्याकडून आणतील. तू तुझ्या हौसेवर आख्ख्या गावाचं धोरण ठरवू नकोस.

आत्या : हा मात्र खरा मुद्दा. इतका वेळ बुरशीवर बोलत होतो, आता माणसांवर आलास. ऐक. पुडी एका घराने घ्यायचीच कशाला? वाडीतली पाच घरं मिळून एक पुडी, खताचा एकच ढीग, आणि ज्याच्या घरी माणूस आहे त्याने ते ओलं ठेवायचं. भात मळायला एकमेकांकडे जातोच ना? उरलेलं खत आल्याला, हळदीला, सुरणाला जातं. कपाटात काही राहत नाही. बचतगटाला हे अवघड नाही. अवघड आहे ते वेळेवर आठवणं. लोकांना झाड कोसळलं की आठवतं.

भाचा : आणि तेव्हा ट्रायकोडर्मा काही करत नाही. हे तू मान्य करतेस?

आत्या : कोसळलेलं झाड कुणीच उठवत नाही. तुझं रसायनही नाही.

भाचा : पण शेजारची वाचवतं. भुईमुगात एका कोपऱ्यातून रोग पसरायला लागला, अवकाळी पाऊस झाला, हवा दमट आहे, तर त्या चकत्याभोवती योग्य बुरशीनाशकाची आळवणी करावीच लागेल. तिथे मी ढीग वरखाली करत बसा असं सांगणार नाही. लेबलवर ते पीक लिहिलेलं असलं पाहिजे, एवढी अट.

आत्या : भुईमूग विकायचा असेल, एकरभर असेल, तर कर. पण त्याच जागी त्याच आठवड्यात ट्रायकोडर्मा टाकून दोन्हींचे पैसे घेऊ नकोस.

भाचा : नाही घेणार. तेवढं अंतर ठेवावंच लागतं.

आत्या : आणि परसातल्या चवळीला आळवणी नाही. दोन ओळी गेल्या तर गेल्या.

भाचा : इथे आपलं जमणार नाही. दोन ओळींतले दाणे पुढल्या वर्षी चार ओळी मागतील.

आत्या : मागतील, मी ते वेचून जाळले नाहीत तर. तू ज्याला औषध म्हणतोस ते दाण्याला मारतं का?

भाचा : वाढणाऱ्या तंतूला मारतं. जमिनीत झोपलेल्या दाण्याचं कवच जाड असतं, त्याला फारसं काही होत नाही. ट्रायकोडर्मा मात्र कवच भेदून आत शिरू शकतो, सावकाश.

आत्या : सावकाश चालेल. दाण्यालाही घाई नाही.

भाचा : हाच विचार थंड प्रदेशांत पुढे गेलाय. तिकडे घेवडा, वाटाणा, मोहरीवर स्क्लेरोटिनिया नावाची दुसरी खोडकूज येते. तिचे दाणे आपल्या बुरशीहून मोठे, काळे. कॅलिफोर्नियात कॅम्पबेलला १९४७ मध्ये त्या दाण्यांवरच जगणारी कोनिओथायरियम मिनिटान्स ही बुरशी सापडली. पुढे जर्मनीत तिचं उत्पादन बाजारात आलं. ती पिकाच्या वेळी नव्हे, काही महिने आधी मातीत मिसळतात, म्हणजे पेरणी होईपर्यंत शत्रूची शिबंदी कमी झालेली असते. आपल्या उबेत तिचा उपयोग नाही, पण रीत घेण्यासारखी आहे.

आत्या : मग आपलंही तेच कर. तू पावडर डिसेंबरात मागवतोस, लोक रोग घेऊन आले की. तोवर वाल वीतभर झालेला असतो. दसऱ्याला मागव. दिवाळीपर्यंत ढीग तयार, भात निघालं की पेरणीबरोबर खत ओळीत. पावसाळी चवळी आणि भुईमुगासाठी मेच्या मध्याला.

भाचा : दसऱ्याला कोण गिऱ्हाईक येणार? भात उभं असताना वालाच्या बुरशीचा विचार कोणी करत नाही. माल माझ्याकडेच पडून मरेल.

आत्या : आधी नावं घे, मग मागव. आमच्या वाडीची पाच घरं मी देते.

भाचा : आणि ज्यांना ढीग करायला जमणार नाही, ती म्हातारी माणसं?

आत्या : त्यांना फक्त बीजप्रक्रिया. बियाणं सुपात घ्यायचं, गुळाच्या पाण्याचा हलका हात लावायचा, किलोला पाच ग्रॅम पावडर चोळायची, मग रायझोबियम, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. ते एका सकाळचं काम आहे. तीस-चाळीस ग्रॅमची पुडी सुटी मिळेल का?

भाचा : नोंदणी केलेला माल मी फोडून सुटा विकू शकत नाही, कायद्यात बसत नाही. लहान पाकीट कंपनीकडे मागता येईल. नाहीतर तुमच्या पाच घरांनी एक पुडी घ्यायची आणि त्यातून आपसांत वाटायचं.

आत्या : वाटू. पण तुझं समाधान होईल असं एक करते. पाच घरांच्या प्रत्येक तुकड्यात दोन ओळी काहीही न लावता पेरायच्या आणि खुंट्या मारून ठेवायच्या. एका घरी दोन ओळी तुझ्या बुरशीनाशकाच्या, ज्याने ही बुरशी मरते त्याच्या, कार्बेन्डाझिमच्या नव्हे. फुलं आली की तू येऊन मेलेली झाडं मोज.

भाचा : एका वर्षाच्या आकड्यावर मी काही मानणार नाही. पाऊस दर वर्षी वेगळा.

आत्या : मी तरी कुठे मानते? तीन वर्षं मोज. ट्रायकोडर्माच्या ओळींत झाडं तेवढीच मेली तर पावडर बंद करू आणि नुसती साफसफाई, फेरपालट ठेवू. कमी मेली, तर तू दुकानातल्या फळ्यावर दसऱ्यालाच लिहायचंस की वालाच्या खोडकुजीची तयारी आज करायची.

भाचा : आणि कमी मेली तरी घातलेले कष्ट परवडले का, हेही मोजायचं. नुसती झाडं मोजून भागणार नाही. किती वेळ गेला, कुणाचा गेला, तो लिहून ठेव.

आत्या : वही तू आण. माझा वेळ तू लिही, तुझा नफा मी लिहिते.